किती वाढायचं, हे ठाऊक असलेलं यकृत

काशीच्या दिवोदास धन्वंतरींनी सुश्रुत आणि इतर शिष्यांना शल्यतंत्र शिकवलं, अशी सुश्रुतसंहितेची मांडणी आहे. या ग्रंथाच्या शारीरस्थानात माणसाचं शरीर आतून पाहण्याची एक पद्धत सांगितली आहे, आणि ती वाचताना आजही थक्क व्हायला होतं. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचा देह निवडायचा. आतड्यांतला मळ काढून टाकायचा. देह मुंज, कुश, ताग यांत गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवायचा आणि नदीच्या पाण्यात आडोशाला बांधून ठेवायचा. सात रात्रींनंतर तो पुरता मऊ झाला की बाहेर काढायचा. मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतल्या एकेका अवयवापर्यंत सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

याच ग्रंथात यकृताबद्दल एक विधान आहे: अन्नापासून तयार झालेला रस यकृतात आणि प्लीहेत पोचला की लाल होतो, त्याचं रक्त बनतं. मोठ्या माणसाच्या रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात, हे आज शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण आईच्या पोटातल्या बाळाचं काय? तिथे साधारण तिसऱ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत रक्तपेशी घडवण्याचं मुख्य ठिकाण यकृतच असतं! शिवाय आतड्यांत शोषलेली साखर आणि प्रथिनांचे घटक घेऊन निघालेलं रक्त खरोखरच आधी यकृतात शिरतं आणि मगच हृदयाकडे जातं.

उजव्या बरगड्यांखाली दडलेला हा अवयव सुमारे दीड किलो वजनाचा. त्यातून दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त वाहतं. साखर साठवणं, पित्त तयार करणं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, दारू आणि औषधं निकामी करणं, ही सगळी कामं तो एकाच वेळी करत असतो. पण त्याचा सगळ्यात मोठा चमत्कार दिसतो तो त्याचा तुकडा कापल्यावर.

1931 मध्ये अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला. आठ-दहा दिवसांत यकृत जवळपास मूळ वजनाला आलं. कापलेले खंड मात्र पुन्हा उगवले नाहीत. उरलेले खंडच मोठे झाले. एरवी निवांत असलेल्या पेशींना कुठून तरी निरोप मिळतो आणि त्या एकजुटीने विभाजन सुरू करतात. निरोप अनेक वाटांनी येतो. तेवढंच रक्त आता कमी जागेतून वाहत असल्याने दाब वाढतो, वाढीला चालना देणारी प्रथिनं जागी होतात, पित्तातली आम्लंही इशारा देतात.

मला यापेक्षाही नवल वाटतं ते थांबण्याचं. वजन पुरेसं झालं की पेशी विभाजन आवरतात. 1992 मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या चमूने एका रुग्णाला बबून माकडाचं यकृत बसवलं. रुग्ण 70 दिवस जगला. पण त्या काळात माकडाचं ते लहान यकृत माणसाच्या मापाचं झालं होतं. म्हणजे आपण कोणाच्या शरीरात आहोत आणि तिथे किती मोठं व्हायचं, याचा अंदाज यकृताला येतो. हा हिशोब नेमका कसा चालतो, याची उकल अजून सुरू आहे. 2022 मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढत यकृताच्या पेशींचं वय मोजलं. माणूस विशीतला असो की ऐंशी पार केलेला, त्याच्या यकृताचं सरासरी वय तीन वर्षांहूनही कमी निघालं.

यकृताच्या आणखी एका स्वभावाचा उपयोग वाराणसीच्या संशोधकांनी करून घेतला. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत कुप्फर पेशी असतात. रक्तातून येणारे जंतू आणि कचरा त्या गिळतात. वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणारा लेश्मानिया हा परजीवी मात्र गिळला गेल्यावर मरत नाही. यकृत, प्लीहा आणि हाडांचा मगज इथल्या अशा पेशींमध्येच तो वाढत राहतो. त्यातून काळा आजार होतो. पोट फुगतं, ताप हटत नाही आणि उपचार मिळाले नाहीत तर रुग्ण दगावतो.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतले डॉ. श्याम सुंदर यांनी या आजारावर अनेक दशकं काम केलं. जुन्या पद्धतीत अँफोटेरिसिन बी हे औषध एक दिवसाआड, महिनाभर शिरेतून द्यावं लागे. मजुरी बुडवून एवढे दिवस रुग्णालयात राहणं गरिबाला परवडणारं नव्हतं. हेच औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून दिलं, तर कुप्फर पेशी आणि त्यांच्यासारख्या इतर पेशी त्या गोळ्याही गिळतात. म्हणजे परजीवी जिथे लपला आहे, नेमकं तिथेच औषध पोचतं. डॉ. सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमधल्या रुग्णांना या औषधाचा फक्त एक डोस दिला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर सुमारे 96 टक्के रुग्ण बरे होते. महिनाभराचा उपचार एका दिवसावर आला.

एवढी ताकद असूनही यकृत हरतं ते घाव थांबत नाही तेव्हा. यकृतात तारकापेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवतात. इजा सतत होत राहिली की त्या आपलं काम बदलतात आणि चिवट तंतू विणू लागतात. जखम बांधून ठेवणारे हे तंतू वाढत गेले की रक्ताची वाट अडते, यकृत कडक होतं, पोटात पाणी साठतं. यालाच सिरॉसिस म्हणतात.

आपल्याकडे एकेकाळी हा रोग तान्ह्या मुलांना होत असे. दीड-दोन वर्षांचं मूल, टणक झालेलं यकृत, आणि बहुतेकदा काही महिन्यांतच मृत्यू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं होतं. माग काढत काढत शोध थेट स्वयंपाकघरात पोचला. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात दूध तापवायचं, त्यातच ठेवायचं आणि बाळाला पाजायचं. दुधातली प्रथिनं भांड्यातलं तांबं ओढून घेतात. ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची तान्ह्या बाळाच्या यकृताची क्षमता अजून पुरती आलेली नसते. 1983 मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. काही मुलांची जन्मजात प्रवृत्तीही याला कारण असावी, असं मानतात. पण पितळी पातेली मागे पडली तसा हा रोग जवळपास नाहीसा झाला. वेळेवर पेनिसिलामाइन देऊन तांबं उतरवलेली काही मुलं वाचली आणि पुढच्या तपासण्यांत त्यांच्या यकृताची रचना सुधारलेली दिसली. घाव थांबला आणि यकृताने आपलं काम पुन्हा हाती घेतलं.

घाव थांबवायला उशीर झाला तर प्रत्यारोपण उरतं आणि तेही यकृताच्या वाढण्याच्या भरवशावरच. भारतात 1994 मध्ये अवयवदानाचा कायदा झाला. 1998 मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात दोन वर्षांचंही नसलेल्या एका मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. ते मूल पुढे स्वतः डॉक्टर झालं. जिवंत दात्याचं उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळपास पूर्ववत होतं. मेंदूमृत दात्याचं एक यकृत विभागून कधी कधी एका मोठ्या माणसाला आणि एका बाळाला, अशा दोघांना जीवदान देता येतं.

सिरॉसिसची वाट अडवण्याचे बरेच उपाय आज आपल्या हातात आहेत. बाळ जन्मल्यावर 24 तासांच्या आत हेपटायटिस बीची लस, हेपटायटिस सीवर काही आठवड्यांच्या गोळ्या, दारूला नकार, वाढत्या पोटाकडे आणि साखरेकडे वेळीच लक्ष. दुखत नाही म्हणून यकृताची तपासणी पुढे ढकलू नये, कारण ते फार उशिरा तक्रार करतं. घाव वेळेवर थांबवणं हे आपलं काम; भरून येणं त्याला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं.