लिनक्सची नवी आवृत्ती येण्याआधीच तपासायची? एक पेनड्राइव्ह पुरे!

ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० ही लिनक्सची आवृत्ती सगळ्यांसाठी खुली झाली. डिसेंबरमध्ये मात्र तिच्या डाउनलोडची लिंकच काढून घ्यावी लागली!

झालं असं, की लेनोवोच्या अनेक लॅपटॉपवर तिच्यामुळे बायोस बिघडत होता. बायोसमध्ये केलेले बदल सेव्ह होईनात, काही मशीन पेनड्राइव्हवरून सुरू होईनात. दोष कर्नलमधल्या एका ड्रायव्हरचा होता. तो बंद करून जानेवारी २०१८ मध्ये सुधारित आवृत्ती आली.

इतकी मोठी चूक आधी कशी दिसली नाही? कारण सोपं आहे. जगातला प्रत्येक लॅपटॉप डेव्हलपरच्या टेबलावर नसतो. वायफाय चिप, साउंड कार्ड, टचपॅड असे हजारो प्रकार आणि त्यांच्या असंख्य जोड्या. तुमच्या मशीनवर काय होईल, हे तुमच्याच मशीनवर कळतं.

म्हणून ‘स्टेबल’ म्हणजे पक्की आवृत्ती येण्याआधी कच्ची आवृत्ती लोकांना तपासायला दिली जाते. उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं, त्याची ‘बीटा’ काही आठवडे आधी मिळते. डेबियनमध्ये आधी ‘फ्रीझ’ लागतो. म्हणजे नवी भर थांबते आणि फक्त दोष दुरुस्त होतात.

लाइव्ह सिस्टिम म्हणजे काय?

इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम. ती रॅममध्ये काम करते. संगणक बंद केला की तिथलं सगळं पुसलं जातं. तुम्ही स्वतः हार्डडिस्क उघडून काही बदललं नाही, तर तुमचं विंडोज जसंच्या तसं राहतं. २००० साली आलेल्या ‘नॉपिक्स’ने ही पद्धत लोकप्रिय केली.

तपासायचं कसं?

१. अधिकृत साइटवरून बीटाची आयएसओ फाइल घ्या आणि तिचा चेकसम जुळवून पाहा. अर्धवट डाउनलोडमुळे आलेला दोष सिस्टिमच्या माथी नको.

२. रुफससारख्या टूलने ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हमधला जुना डेटा जाईल, हे लक्षात ठेवा.

३. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही.

४. आता रोजचीच कामं करा. वायफाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा आणि ब्लूटूथ सुरू करा, ब्राइटनेस कमी-जास्त करा. लॅपटॉपचं झाकण बंद करून पुन्हा उघडा. झोपलेलं मशीन नीट जागं होतं का, ही परीक्षा जरूर घ्या.

५. मराठीत टाइप करून पाहा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द नीट उमटतात का? ‘ऱ्या’ तुटला, तर ते मराठी वाचणाऱ्याच्याच नजरेला आधी खटकणार!

चूक सापडली तर?

‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या चार गोष्टी कळवा. उबुंटूमध्ये ‘उबुंटू-बग’ ही कमांड मशीनची बरीच तांत्रिक माहिती आपोआप जोडते.

एवढी काळजी घ्या

लाइव्ह म्हणजे शंभर टक्के निर्धोक नव्हे, कारण ड्रायव्हर तेव्हाही खऱ्या हार्डवेअरशीच बोलत असतात. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, जमल्यास जुना लॅपटॉप वापरा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर रिकव्हरी की हाताशी असू द्या. बायोसमधली सेटिंग बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

या कामाला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. अर्धा तास आणि एक पेनड्राइव्ह पुरतो. बीटात सापडलेली चूक पक्की आवृत्ती येण्याआधीच दुरुस्त होऊ शकते. तीच चूक राहून गेली, तर तुमच्यासारखाच लॅपटॉप असलेल्या प्रत्येकाच्या घरी पोहोचते.