थर, कमानी आणि बार्सिलोनाची अभ्याससहल

वास्तुकला महाविद्यालयांच्या युरोप सहलींत बार्सिलोना बहुधा असतेच. इल्देफोन्स सेर्दाने 1859 मध्ये आखलेला, कोपरे छाटलेल्या चौकोनी वस्त्यांचा एशांप्ला, जुन्या गॉथिक भागातल्या गल्ल्या, दुमेनेक इ मुंतानेरचे 1908 चे संगीतगृह, मीस व्हान डेर रोहचा 1929 चा आणि 1986 मध्ये पुन्हा उभारलेला मंडप, हे सारे पाठ्यपुस्तकांत पुरेसे आले आहे. मंडपाशी तर सहली नको इतक्या रेंगाळतात. या शहरात भार जमिनीपर्यंत कसा उतरतो हे शिकायचे असेल, तर आंतोनी गाउदीच्या कमानींखाली उभे राहावे आणि चौकात रचल्या जाणाऱ्या माणसांच्या थरांपाशीही.

गाउदीला (1852–1926) स्वप्नाळू नक्षीकार ठरवणारी समीक्षा अजून टिकून आहे. पार्क ग्वेलमधले फुटक्या फरश्यांचे रंगीबेरंगी काम पाहून ती तिथेच थांबते. कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी गाउदीने जे केले ते या समीक्षेच्या गावीही नसते. त्याने दोऱ्या उलट्या टांगल्या आणि त्यांना भाराच्या प्रमाणात शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या बांधल्या. दोरी फक्त ताण सोसते. त्यामुळे वजनाखाली ती जो आकार घेते तो उलटा केला, की निव्वळ दाब सोसणारी कमान मिळते, आणि वीट व दगड यांना हेच मानवते. या प्रतिकृतीची छायाचित्रे उलटी धरून त्यांवर त्याने इमारत रेखाटली. काम 1914 मध्ये थांबले. तळघराचे प्रार्थनागृह तेवढे पुरे झाले, पण तिथले कललेले खांब भाराच्या रेषेतच कललेले आहेत. कासा मिलाच्या (1906–1912) माळ्यावर विटांच्या सुमारे 270 कमानी याच विचाराने उभ्या आहेत. साग्रादा फामिलियाच्या आवारातली 1909 ची छोटी शाळा तर अवश्य पाहावी. पातळ विटांच्या छताला लाटेचा आकार देऊन गाउदीने त्यात ताठपणा आणला. 1928 मध्ये ल कॉर्बुझिएने तिचे रेखाटन केले. आजच्या सहली मात्र मनोऱ्यांकडे माना वर करून तिच्या बाजूने निघून जातात.

गाउदी रेऊस परिसरातला, तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरातला. कातालोनियातले माणसांचे मनोरे, म्हणजे कास्तेल, ज्या वाल्स गावातून पसरले ते तिथून जवळच. एकाचे दुसऱ्याशी थेट नाते सांगण्याचा मोह टाळावा; भाराचे गणित मात्र दोन्हीकडे एकच आहे. तळाला शेकडो माणसांचा घट्ट वेढा असतो, त्याला पिन्या म्हणतात. आतली माणसे खांब पेलतात आणि बाहेरची छाती, हात व खांदे आत रेटून तळ फाकू देत नाहीत. तळ फाकू न देण्याचे हे काम गॉथिक चर्चच्या भिंतींना बाहेरून दिलेले टेकू करतात. कास्तेल रचणाऱ्यांच्या कमरेला काही मीटर लांबीचा काळा पट्टा आवळलेला असतो. तो पाठीला आधार देतो आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला जागाही. पिन्यातल्या माणसाला वरचे काही दिसत नाही. ग्राल्या या सुषिर वाद्याचे सूर बदलले की मनोरा कुठवर आला हे त्याला कळते. शेवटी एन्शानेता म्हटले जाणारे लहानगे मूल टोकावर पोचून हात वर करते.

दहीहंडीचे थर पाहत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला इथे एक फरक लगेच जाणवतो. हंडी फुटली की गोविंदांचे काम फत्ते होते. कास्तेल मात्र सगळे थर सुखरूप उतरले तरच पूर्ण मानला जातो. कळस गाठून कोसळलेल्या मनोऱ्याची गणना वेगळी आणि खालच्या दर्जाची होते. उभारणीइतकीच उतरणीचीही आखणी करावी लागते, आणि बांधकामाच्या वर्गात हीच गोष्ट सर्वांत कमी शिकवली जाते. फ्रँकोची राजवट संपल्यावर ही परंपरा जोमाने पसरली. 1980 च्या दशकात स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, वरचे थर हलके झाले आणि उंची वाढली. टोकाकडचे थर सोडून प्रत्येक थरात तिघे असलेला दहा थरांचा मनोरा 1998 मध्ये तेरासाच्या पथकाने उतरवून दाखवला. 2010 मध्ये युनेस्कोने कास्तेलची अमूर्त वारशात नोंद केली. सप्टेंबरातल्या ला मेर्से उत्सवात सान जाउमे चौकात हे मनोरे उभे राहतात. त्याच उत्सवात कागदी लगद्याचे महाकाय पुतळे नाचतात आणि ठिणग्या उडवत सैतानांच्या टोळ्या धावतात. त्यांचे वर्णन पर्यटन पुस्तिकांत भरपूर सापडते.

सहलींचे मात्र वाईट दिवस आले आहेत. वेळ ठरलेल्या तिकिटांमागे धावणारी बस, प्रत्येक इमारतीपाशी थोडा वेळ आणि भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे, असा आता शिरस्ता झाला आहे. रेखाटनवही बॅगेतून बाहेर येत नाही. एका कमानीपुढे तासभर बसून तिचे माप डोळ्याने घेणारा विद्यार्थी दुर्मिळ झाला, आणि तसा वेळ देणारे शिक्षकही. सहली बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत काढल्या जातात, त्यामुळे ला मेर्से हुकते. तरीही कास्तेलचा हंगाम वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत चालतो, पथकांच्या तालमी संध्याकाळी आपापल्या जागेत होतात, आणि अनेक पथके पाहुण्यांना पिन्यात उभे राहू देतात.