आपल्या घराची पाटी आपणच लिहावी

रस्त्याकडेच्या घरावर पाटी असली की वाटसरू नाव वाचतो, गाव विचारतो, गरज असली तर आत येतो. पण घर पाड्यात, सडकेपासून दोन कोस आत असेल तर पाटी वाचणार कोण? अशा घरासाठी हल्ली इंटरनेटवर पाटी लावता येते. तिला वेबपान म्हणतात. हे काम शहरातल्या शिकलेल्यांचे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. खरे पाहता, घरातली दहावी-बारावीची मुलगी दोन-चार संध्याकाळी बसली तर असे पान तयार करू शकते.

नाव नसले तर काय होते?

आपल्या डहाणू-तलासरीचेच पाहा. वारली घरात लग्न निघाले की सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी बसते. ही भिंत गावाबाहेर जात नव्हती. १९७० नंतरच्या काळात कागद आला आणि चित्र जगात गेले. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेले आणि डहाणूतल्या गंजाडला राहिलेले जिव्या सोमा मशे यांचे नाव देशोदेशी झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. पण बाकीच्या कितीतरी हातांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पिशवीवर, पडद्यावर, हॉटेलच्या भिंतीवर वारली चित्र दिसते. ते काढणारी बाई कोण, कोणत्या पाड्यातली, हे कुठेच लिहिलेले नसते. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कलेच्या नावाला आधार झाला. तुमच्या घरातल्या बाईचे नाव मात्र तुम्हीच लिहायला हवे.

चिकूचेही तसेच. डहाणू घोलवड चिकूला मानांकन आहे, आणि जून २०२१ मध्ये त्याची खेप ब्रिटनला गेली. पण तोडलेला चिकू थांबत नाही, थोड्याच दिवसांत पिकतो. गिऱ्हाईक आधीपासून ओळखीचे असेल तर दोन पैसे पदरात पडण्याची आशा असते.

पान कसे बनते?

टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली ही कल्पना मांडली. स्वित्झर्लंडमधल्या ज्या सर्न संस्थेत ते काम करीत होते, तिने ३० एप्रिल १९९३ रोजी ही विद्या सर्वांना फुकट खुली केली. म्हणून पान बनवायला कोणाची परवानगी किंवा परवाना लागत नाही.

संगणकावर नोटपॅड उघडा. मोबाइलवरही अक्षरे लिहिण्याची साधी अॅप मिळतात. मजकूर मराठीतच लिहा. कोणता मजकूर मथळा आणि कोणता परिच्छेद, हे यंत्राला खुणांनी सांगायचे असते. खूण कोनी कंसात, इंग्रजी अक्षरांत लिहितात. मथळ्यासाठी ‘एच’ आणि पुढे १ चा आकडा, परिच्छेदासाठी ‘पी’. मजकूर संपला की तीच खूण पुन्हा लिहायची, फक्त अक्षराआधी तिरपी रेघ द्यायची. शेताच्या बांधासारखे आहे हे. एक बांध सुरुवातीला, एक शेवटी. शेवटचा विसरलात तर शेजारच्या मजकुरात घोटाळा होतो. मराठी अक्षरे नीट दिसावीत म्हणून पानाच्या माथ्यावर ‘यूटीएफ-८’ ची ओळ घालावी लागते.

फाइलचे नाव ‘इंडेक्स’ ठेवा, शेवटी टिंब देऊन ‘एचटीएमएल’, सारे इंग्रजी अक्षरांत. मग ती ब्राउझरमध्ये उघडा. पान समोर दिसेल, आणि त्याला इंटरनेटही लागणार नाही! तेव्हा आधी घरातच चुका सुधाराव्यात. मनासारखे झाले की गिटहब पेजेससारख्या जागी ते फुकट ठेवता येते. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर त्याला मात्र दरसाल पैसे पडतात.

काय लिहावे?

थोडे आणि खरे लिहावे. गाव, तालुका, डहाणू रोड किंवा घोलवड स्टेशनवरून येण्याची वाट, कोणत्या महिन्यात काय मिळते, आणि काम करणाऱ्यांची नावे, बायकांची आधी. फोटो तीन-चार पुरे. मोबाइलचा फोटो फार जड असतो. तो लहान करून घाला, नाहीतर कमी रेंजच्या गावात पान उघडतच नाही. दुसऱ्याचे चित्र उचलून आपले म्हणून लावू नये. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

काय टाळावे?

आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा यांचे फोटो पानावर कधीही लावू नका. मुलाबाळांचे फोटो जपून वापरा. पान पाहून कोणी फोन केला आणि “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणाला, तर तिथेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो.

आणखी एक सांगायला हवे. पान केले म्हणून उद्या दारात मोटारी लागणार नाहीत. भाव बाजारच ठरवील. पण पान जुने झाले की कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून हंगामागणिक त्यातला मजकूर बदलत राहावे. या पावसाळ्यात लावणी आटोपली की मुलांना घेऊन बसा. पहिली ओळ घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईकडून सांगून घ्या आणि ती जशीच्या तशी लिहा.