पॉइंट टू-टू रायफलची अचूकता कशी जोखावी?

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. पॉइंट टू-टू रायफलने खेळल्या जाणाऱ्या या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्याशा जागेत गोळी पुन्हा पुन्हा बसवायची, तर रायफलही तितकीच भरवशाची हवी.

अचूकता म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते. सगळ्या एकत्र लागल्या, पण मध्यापासून दूर, तर दोष साइटच्या जुळणीचा. ती लगेच सुधारते. विखुरल्या, तर कारण शोधावे लागते. त्यासाठी रायफल शिकंज्यात घट्ट बसवून दहा-दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप घ्यावेत आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. एकाच सुरेख ग्रुपवर विश्वास ठेवू नये.

सुधारणेची सुरुवात काडतुसांपासून करावी. या रायफलच्या रिमफायर काडतुसाची स्फोटक पूड कडेच्या घडीत असते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. गोळीच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, तरी 50 मीटरवर ती 7-8 मिलिमीटर वर-खाली लागते. म्हणून काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासून आपल्या बॅरलला मानवणारा लॉट एकदमच घ्यावा.

नंतर स्टॉकचे स्क्रू ठरावीक ताणाने आवळलेले आहेत का, साइट ढिली आहे का आणि बॅरलच्या तोंडाला इजा झाली आहे का, ते पाहावे. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक ग्रुपची नोंद ठेवा.