पोट उडतंय

जूनचा शेवटचा आठवडा. शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले, की पुण्यातल्या या लहान मुलांच्या दवाखान्यात वाफेच्या खोलीबाहेरची बाकडी पुरत नाहीत. मी सकाळपासून सिस्टरांशेजारी स्टुलावर बसले आहे. कधीकाळी अशाच एका खोलीत मुलीला मांडीवर घेऊन मी रात्री काढल्या. तेव्हा सिस्टरांचे हात नेमकं काय करतात, हे पाहायचं भान नव्हतं. आज तेवढंच पाहायला आले आहे.

चार वर्षांचा मुलगा आत येतो. "परवा नुसत्या शिंका होत्या. काल नाक वाहायला लागलं, आणि रात्रीपासून पोट उडतंय," आई सांगते.

सिस्टर आधी त्याचा शर्ट वर करतात आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेलं त्यांना चालत नाही. मुलानं मध्येच हुंदका दिला तर आकडा चुकतो. 48. या वयात 40 म्हणजेच जलद श्वास. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय. "शाळेत कोण मित्र झाला रे?" त्या विचारतात. उत्तर दोन-दोन शब्दांच्या तुकड्यांत येतं. तेच त्यांना ऐकायचं होतं.

बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो, डॉक्टर येऊन छाती तपासतात, वाफ सुरू होते. घरी पातेल्यावर टॉवेल घेऊन घेतात ती ही वाफ नव्हे. हे औषधाचं गार धुकं आहे.

शाळेतून तो बहुधा साधी सर्दीच घेऊन आला. सर्दी करणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचे 160हून अधिक प्रकार आहेत, त्यामुळे एका सर्दीतून उठलेलं मूल दुसरीपासून वाचत नाही. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन भागात 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यात घरघरीच्या सुमारे 80 टक्के प्रसंगांत विषाणू सापडला, आणि त्यांत बहुतेक वेळा याच कुळातला. पण वर्गातल्या बाकीच्या मुलांचं नाक वाहून थांबतं आणि याचं पोट उडतं, ते का? पावसाळी ओलीत गादी-उशांमधले धूळकिडे वाढतात. दमा असून त्यांची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या श्वासनळ्या आतून आधीच सुजलेल्या असतात. विषाणूला रोखणारं इंटरफेरॉनही दम्याच्या अनेक रुग्णांत कमी तयार होतं. सर्दी तीच, पण ती अशा सुजलेल्या नळीत उतरते.

सिस्टर पिशवीतला पंप मागतात. निळा निघतो, दम लागल्यावर घ्यायचा. रोजचा, सूज कमी ठेवणारा दुसरा पंप एप्रिलमध्येच बंद झालेला. "खोकला नव्हता ना. आणि सवय लागते म्हणतात." मी मान खाली घालते. एका उन्हाळ्यात मीही हेच केलं होतं, आणि त्याची किंमत माझ्या मुलीनं पावसाळ्यात मोजली.

सिस्टर रागावत नाहीत. "ताई, निळ्याच्या एका दाबात औषध 100 मायक्रोग्रॅम. तेच गोळीतून घेतलं तर 2 मिलिग्रॅम, म्हणजे वीस पट. पंप कमी औषध देतो, पण थेट छातीत देतो."

मग त्या दाखवतात. टोपण काढायचं, पंप नीट हलवायचा, स्पेसरला, म्हणजे मास्क असलेल्या नळीला, लावायचा. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, फट राहता कामा नये. एकदाच दाबायचं आणि सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. आता आईची पाळी. ती लागोपाठ दोनदा दाबते. पुन्हा. या वेळी मास्क हनुवटीवर उघडा राहतो. पुन्हा. स्पेसर धुवायचा तो साबणाच्या पाण्यात, आणि तसाच वाळू द्यायचा. कापडानं पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज मायेनं पुसून ठेवायचे!

बाहेर रांग लांबलेली असते, तरी त्या चौथ्यांदा करून घेतात. या खोलीतलं सगळ्यात मोठं औषध मला तरी ही चौथी खेप वाटली.

तासाभरानं शर्ट पुन्हा वर होतो. या वेळी सिस्टर घड्याळ आईच्या हातात देतात. पोरगा तिच्याकडे टक लावून बघतोय. तिचे ओठ हलताहेत, आवाज नाही. काटा फिरून येतो.

"छत्तीस," ती म्हणते, आणि खात्री करायला पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते.