ओट्यावरची मते

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सामान्य माणसाची आवडनिवड मोजली जाते, त्याचा खर्च मोजला जातो, बचतही मोजली जाते; त्याचे मत मात्र पाच वर्षांतून एकदा आणि तेही मतपेटीपुरतेच मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. उरलेली मते चहाच्या दुकानांत, एस.टी.च्या थांब्यांवर आणि घरांच्या ओट्यांवर सांडून जातात. त्यांत पुष्कळशी मते ऐकीव असतात, काही चुकीची असतात, काही निव्वळ चिडचिडीतून आलेली असतात, हे खरेच. परंतु एकाच माणसाची मते वीस वर्षे एकाच ओट्यावर ऐकायला मिळाली, तर त्यांतून एखाद्या प्रदेशाचा जमाखर्च उलगडू लागतो.

असा एक ओटा अहेरीच्या बसस्थानकाजवळ आहे. त्यावर बसणारे गृहस्थ वनखात्यातून २००३ साली निवृत्त झालेले कारकून आहेत. वय ऐंशीच्या घरात. उभी नोकरी आलापल्ली, सिरोंचा आणि काही काळ वडसा एवढ्याच टापूत झालेली. गाव त्यांना ‘बाबूजी’ म्हणते. नागपूरचे दैनिक गाडीने येईपर्यंत बाबूजी चहा घेतात आणि ते आल्यावर बोलू लागतात. विषय ठरलेले तीन: राजकारण, सिनेमा आणि ‘कारण नसताना केलेले बदल’. हा तिसरा विषय खरे तर पहिल्या दोघांच्याही पोटात असतो.

बाबूजींच्या लेखी पहिला मोठा बदल म्हणजे नवा पैसा. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हा ते शाळकरी पोर होते. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा तर नाण्यांत नव्हता. तेव्हा एक आण्याच्या वस्तूला दुकानदाराने सात पैसे घ्यायचे की सहा, हा प्रश्न आठवड्याच्या बाजारात नेहमी एकाच बाजूने सुटत असे. तो कोणत्या बाजूने सुटे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पाठोपाठ शेर आणि मण गेले, किलोग्रॅम आला. त्या वेळी हे सारे बाबूजींच्या वडिलांना शहरी माणसांचे खूळ वाटले होते. पुढे मात्र हिशेबाचे काम करताना बाबूजींनाच त्याची किंमत कळली. आणे-पैचा गुणाकार करण्यात ज्यांची दुपार गेली आहे, तो माणूस दशमान पद्धतीला नावे ठेवणार नाही. तेव्हा या गृहस्थांना बदलाचाच तिटकारा आहे, असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. मतदानयंत्रालाही त्यांचा विरोध नाही. मतपत्रिकेवर शिक्का कोठे मारायचा हे समजावूनही किती मते बाद होत, हे त्यांनी मतमोजणीच्या टेबलावर बसून पाहिले आहे.

त्यांची तक्रार निराळी आहे. बदल करणारा एक असतो आणि त्याचा खर्च भरणारा दुसराच असतो, ही ती तक्रार. जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चांदा बदलून चंद्रपूर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, जुन्या सातबाऱ्यावर चांदा आणि नव्या दाखल्यावर चंद्रपूर म्हणून खेटे घालणे आले. रेल्वेने मात्र आपल्या स्थानकाचे नाव ‘चांदा फोर्ट’ असेच ठेवले, आणि म्हणून कोणाची गाडी चुकल्याचे बाबूजींच्या ऐकिवात नाही. हे उदाहरण ते मोठ्या खुशीने देतात.

२०१६ चे उदाहरण देताना ही खुशी नसते. त्या वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. धानाच्या कापणीचे दिवस होते, मजुरांची मजुरी व्हायची होती, आणि भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाला बँकेत जायचे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवून बसचे भाडे भरायचे. हजाराची नोट बदलायला पाव हजार खर्च करणारी माणसे या भागात होती, असे बाबूजी सांगतात. त्यांचा आकडा ओट्यावरचा आहे, तो तसाच घ्यावा. परंतु त्यामागचे तर्कशास्त्र बिनचूक आहे. शहरात बँकेपुढे दोन तास रांग लावणाऱ्याचा तोटा दोन तासांचा. जंगलातल्या माणसाचा तोटा त्या दोन तासांवर दोन दिवसांचा. आणि ज्या दोन हजारांच्या नोटेसाठी ही यातायात झाली, ती चलनातून काढून घेण्याची घोषणा १९ मे २०२३ रोजी झाली. “आणली काऊन आन् नेली काऊन, हे एकाच कागदावर लिहून द्या म्हणावं,” हे बाबूजींचे त्यावरचे भाष्य.

राजकारणाकडे ते याच मोजपट्टीने पाहतात, आणि येथे त्यांची मोजपट्टी थोडी तोकडी पडते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. बाबूजींच्या मते अहेरीला त्याने एवढेच दिले की, पूर्वी आष्टीला डावीकडे वळून वैनगंगेच्या पुलावरून चांद्याला जाणारा माणूस आता सरळ चामोर्शीवरून गडचिरोलीला जाऊ लागला. अंतरात म्हणण्यासारखा फरक नाही, हे त्यांचे म्हणणे रस्त्याच्या दृष्टीने खरे आहे. पण जिल्हा म्हणजे केवळ कचेरीचे अंतर नव्हे. वेगळा नियोजन निधी, वेगळी रुग्णालये, आदिवासी विकासाची कार्यालये आणि पुढे २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ या गोष्टी मोठ्या अविभक्त जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला मिळण्यास आणखी किती दशके लागली असती, याचा विचार बाबूजी करीत नाहीत. नागपूरच्या विद्यापीठाचा निकाल येईपर्यंत पुढच्या वर्षाचे प्रवेश संपलेले असत, अशी आठवण त्यांची नात ओट्यावर येऊन काढते, तेव्हा ते वर्तमानपत्राचे पान उलटतात.

मात्र पलीकडच्या तीराकडे बोट दाखवून ते जे म्हणतात, त्याला उत्तर देणे कठीण आहे. प्राणहितेच्या त्या बाजूस तेलंगणाने ११ ऑक्टोबर २०१६ या एका दिवसात दहा जिल्ह्यांचे एकतीस जिल्हे केले. जुन्या आदिलाबादचे चार तुकडे झाले. अलीकडे महाराष्ट्रात २०१४ च्या पालघरनंतर नवा जिल्हा नाही, आणि अहेरी जिल्ह्याची जुनी मागणी अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयावर येऊन थांबली आहे. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी जाण्यास दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. नावे बदलतात, अंतरे बदलत नाहीत. विधानसभेचा ‘सिरोंचा’ मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत ‘अहेरी’ झाला. लोकसभेचा मतदारसंघ ‘गडचिरोली-चिमूर’ झाला आणि गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून सिरोंच्यापर्यंत पसरला. एवढ्या लांबीचा खासदार दोन्ही टोकांना सारखाच परका, हे मत टिंगलीचे वाटले तरी नकाशा उघडून पाहण्याजोगे आहे.

१९७७ मध्ये राजे विश्वेश्वरराव चंद्रपूरहून लोकसभेवर निवडून आले, त्या वेळी बाबूजींनी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने मत दिले, असे ते म्हणतात. ते मत राजवाड्याला नव्हते, वेगळ्या विदर्भाला होते. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली होती, हे त्यांना तोंडपाठ आहे. नागपूर करारातील कलमेही. आता त्यांचा तो उत्साह ओसरला आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अहेरीत धर्मरावबाबा आत्राम, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अंबरीशराव असे तिघे एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा निवडून आले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची गंमत म्हणून बातमी केली. बाबूजींना त्यात गंमत वाटली नाही. बाजारात एकच घर तीन दुकाने थाटते तेव्हा गिऱ्हाइकाला भाव पाडून मागता येत नाही, एवढेच ते म्हणाले. मक्तेदारीवरील एखादे प्रकरण शिकवून जे विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही, ते या एका वाक्यात आले आहे. अर्थात तिघांच्या भांडणात मतदाराला निदान निवड तरी मिळाली, असा प्रतिवाद करता येईल. बापापुढे कन्येने उभे राहणे ही गोष्टही या भागात लहान नव्हे.

सिनेमाविषयी त्यांची मते अधिक मोकळी आहेत. तरुणपणी जत्रेतल्या तंबूत बसून त्यांनी सिनेमा पाहिला, वडशाला असताना झाडीपट्टीची नाटके पाहिली. ही नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत का चालतात, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले असेल. बाबूजींचे उत्तर सोपे आहे. शेवटची गाडी संध्याकाळी जाते आणि पहिली पहाटे येते. मधल्या वेळेत प्रेक्षकाने करायचे काय? शंकरपटाला बैल घेऊन आलेला माणूस रात्री तेथेच राहणार हे गृहीत धरून नाटक बेतलेले असे. म्हणूनच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, तेव्हा नाटकांच्या गर्दीलाही ओहोटी लागली, असे त्यांचे निरीक्षण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पट पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तो दिवस त्यांनी सणासारखा साजरा केला. मात्र नाटकाच्या मध्येच सिनेमातली गाणी आणि नाच घालण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती त्यांना मुळीच मान्य नाही.

‘न्यूटन’ हा २०१७ चा हिंदी चित्रपट मात्र त्यांनी तीनदा पाहिला. दंडकारण्यात निवडणुकीच्या कामावर गेलेल्या कारकुनाची ती कथा. बाबूजींनी स्वतः लोखंडी मतपेटी घेऊन अशा वाटा तुडवल्या आहेत. गेल्या वाटेने परत यायचे नाही, हा नियम पाळून रात्री काढल्या आहेत. दुपारी तीनला मतदान संपवण्याची या भागातील प्रथा का आहे, ते त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांना त्या चित्रपटात एकच उणीव दिसली. मतदान केंद्राध्यक्षाची दैनंदिनी आणि लिफाफे भरताना होणारी दमछाक त्यात पुरेशी आलेली नाही. “गोळीचं भेव एका घंट्याचं, लिफाफ्याचं रातभर,” असे ते म्हणतात.

याउलट ‘आरआरआर’वर (२०२२) त्यांचा राग आहे. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी तो तेलुगूतून पाहिला. सिरोंचा-अहेरीच्या माणसाला ती भाषा परकी नाही. कोमुराम भीम हा नदीपलीकडच्या डोंगरांतला गोंड वीर. निजामाच्या सत्तेशी लढताना १९४० मध्ये जोडेघाटला पडला. पाण्यासाठी, जंगलासाठी आणि जमिनीसाठी तो लढला. चित्रपटाने त्याला दिल्लीला नेले, इंग्रजांच्या वाड्यात वाघ सोडायला लावले. कल्पित कथा म्हणून निर्मात्यांना ते स्वातंत्र्य होते, हे बाबूजींना मान्य आहे. परंतु जंगलाची जमीन कोणाची, हा मूळ प्रश्न त्या बदलात गळून गेला, आणि नातवाला भीम ठाऊक झाला तो वाघासकट. कारण नसताना केलेल्या बदलांच्या यादीत त्यांनी हा बदल चांदा-चंद्रपूरच्याही वर ठेवला आहे.

ज्या जंगलाच्या मालकीवरून भीम लढला, त्याच जंगलाचे परवाने बाबूजींनी आयुष्यभर लिहिले. या विषयावर मात्र ते सहसा बोलत नाहीत. बांबूच्या वाहतुकीचा पास त्यांच्या सहीशिवाय टेबलावरून हलत नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात गेला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या पासावर बांबू विकला. बाबूजी तेव्हा निवृत्त झाले होते. खात्यातले त्यांचे सोबती या बदलाने जंगल उजाड होईल असे म्हणत होते. बाबूजीही काही काळ तसेच म्हणाले. नंतर एकदा त्यांना कोणी टोकले, तेव्हा ते हसले: “तीस वर्षं आम्ही बांबूला झाड म्हणून लिहिलं. ते गवत निघालं. काऊन गा, झाड होतं तेव्हा काय कमी कापलं गेलं?” आपल्याच टेबलाची सत्ता घेणाऱ्या बदलाला नाहक म्हणायचे त्यांनी त्या दिवसापासून सोडले. मताची एवढी प्रामाणिक दुरुस्ती विधिमंडळात अपवादानेच ऐकायला मिळते.

अशा माणसाचे मत शासनाला कोठे ऐकायला मिळते? सूरजागडच्या लोहखाणीचे काम २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून खनिजाचे ट्रक धावू लागले आणि त्या रस्त्याची चाळण झाली. बाबूजींचे या खाणीविषयीचे मत एकेरी नाही. नातवाला नोकरी हवी आहे, हे ते लपवीत नाहीत. पूर्वी इच्चमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध बाबा आमट्यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये हेमलकशात लोक जमले, तेव्हा आपण सरकारी नोकर म्हणून गप्प राहिलो, हेही ते लपवीत नाहीत. ती धरणे झाली नाहीत आणि त्याचे वाईटही काही झाले नाही. उलट पुढे मेडिगड्ड्याचा बंधारा २०१९ मध्ये झाला, सिरोंचा तालुक्यातील शेतांत पाणी शिरू लागले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांबच खचले. हे सारे सांगून खाण हवी की नको यावर ते एकदम निर्णय देत नाहीत. रस्ता कोण दुरुस्त करणार आणि रुग्णवाहिका कोणत्या बाजूने जाणार, एवढेच विचारतात.

खाणीच्या विस्तारासाठी कायद्याप्रमाणे २०२२ मध्ये जनसुनावणी झाली. खाण एटापल्ली तालुक्यात. सुनावणी जिल्ह्याच्या गावी, गडचिरोलीला. नागपूरचे दैनिक त्या दिवशी नेहमीप्रमाणे गाडीने आले. सुनावणीची बातमी बाबूजींनी दुसऱ्या दिवशीच्या अंकात, ओट्यावर बसून वाचली.