गळ, पाणी आणि उजवा हात

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना मी अनेक वर्षे एकच सांगत आलो : ‘हात जपा.’ बादली उचलू नका, कणीक मळू नका, वरच्या फळीवरचा डबा काढू नका. हेतू चांगला होता. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर हातातील द्रव वाहून नेणारी वाट अरुंद होते, आणि त्या पूर्णतः काढलेल्या साधारण पाचांपैकी एका स्त्रीच्या हाताला पुढे सूज येते. ती टाळण्यासाठी हात स्वस्थ ठेवावा, असा आमचा समज. त्या सल्ल्याने किती खांदे आखडले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

हा समज हलला तो अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, शँप्लेन सरोवराच्या काठी. माझी थोरली बहीण तेथे ३५ वर्षे राहते. तिच्या उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाले होते. मी पोहोचलो तेव्हा ती लाकडी धक्क्यावर उभी राहून त्याच उजव्या हाताने एक लांब छडी मागेपुढे झुलवत होती.

“ताई, हे काय चालवलं आहेस?” मी जवळजवळ ओरडलोच.

“मासे धरते आहे. जरा बाजूला हो, गळ लागेल.”

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. वजन असते ते जाड दोरीला. छडी वर उचलून मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे आणायची. जोर लावला की दोरीचे भेंडोळे पायाशी पडते. कोपर आणि खांद्याची ही सैल, पुनःपुन्हा होणारी हालचाल शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. याच विचाराने १९९६ साली व्हरमाँटमध्येच ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांसाठीची संस्था सुरू झाली. ताईला छडी धरायची कल्पना सुचली ती तिच्याविषयी ऐकूनच.

मी त्या रात्री वाचत बसलो. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांच्यापैकी काहींनी वर्षभर, हळूहळू वाढवत, वजने उचलली. सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हे मी वेळीच वाचायला हवे होते.

फ्लाय फिशिंगच्या शौकिनांचा जीव ट्राउट माशावर. पण नवशिक्याला पिवळा पर्च बरा, असे ताईचे मत आणि ते मला पटले. सोनेरी अंगावर गडद उभे पट्टे असलेला हा वीतभर मासा झुंडीने हिंडतो. एक लागला की तेथेच दुसरा मिळण्याची आशा असते. तो पाणवनस्पतींच्या कडेला असतो. माशी पाच-सात अंक मोजेपर्यंत बुडू द्यावी, दोरी वीतभर ओढावी, थांबावे, पुन्हा ओढावी. पर्च दिवसा खातो आणि रात्री तळाशी पडून राहतो. त्यामुळे अंधारात ताटकळण्याचे कारण नाही.

माझी धास्ती दुसरीच होती. पर्चच्या पाठीवरील पुढच्या पराचे काटे टोकदार असतात, कल्ल्याची कडही बोचरी. अशा हाताला झालेली लहानशी जखमही चिघळू शकते. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताने मासा धरूच नये. दुसऱ्या हातातही मोजा असावा. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, डोळ्यांवर चष्मा असावा. ऊन आणि डास यांपासून वाचण्यासाठी बाह्या पूर्ण हव्यात. आरंभ शल्यविशारदांच्या संमतीने, दहा मिनिटांचा. हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली, की छडी खाली ठेवावी. लाली, उष्णता, ताप यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. (मासे खायचे असतील, तर त्यांतील पाऱ्याविषयी त्या राज्याने दिलेली सूचना आधी पाहावी; घरात गरोदर स्त्री वा लहान मुले असतील तर अवश्यच.)

दुसऱ्या दिवशी ताईने सात पर्च धरले. गळातून सोडवले मी, आणि तेही मोज्याशिवाय. तिसऱ्याच्या काट्याने माझ्या अंगठ्यातून रक्त काढले. संध्याकाळी मी शिवणाच्या डब्यातील टेप घेऊन तिचे दोन्ही हात मोजले. उजवा अर्धा सेंटिमीटर जाड भरला. मी गंभीर झालेला पाहून ती म्हणाली, “अरे, ऑपरेशनच्या आधीही तेवढाच होता. मी उजव्या हाताची आहे.”